आकुर्डीचे राहुलजी



आळंदीच्या पश्चिमेस आकुर्डी आहे आणि उत्तरेस चाकण. माउलींच्या समाधीमुळें आळंदी साऱ्या महाराष्ट्राच्या मुखीं आहे. त्या दोन गांवांचीं नांवें दूरदूरच्या बाजारपेठांत गेलीं तीं दुचाकी वाहनांमुळें. आकुर्डीचा कारखाना पित्याच्या हातचा, चाकणचें वैभव पुत्राच्या कर्तृत्वाचें. आज आपणांपुढें श्री. राहुल बजाज यांचें जें स्मरण करावयाचें आहे, तें उद्योगपति म्हणून थोडें आणि पिता म्हणून अधिक.

राहुलजींचा जन्म १० जून १९३८ चा, कलकत्त्याचा. वर्ध्याचे जमनालालजी बजाज हे त्यांचे आजोबा. जमनालालजी निवर्तले ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं. तेव्हां हा नातू चार वर्षांचाहि झाला नव्हता. सहवास असा लाभलाच नाहीं. परंतु गांधीजींनीं ज्यांना आपला पांचवा पुत्र मानलें, त्यांचें नांव घरांत बाळगून व्यापार करणें ही कांहीं सोपी गोष्ट नव्हे. पुढें परवान्यांच्या राज्यांत ठरवून दिलेल्या संख्येहून अधिक माल काढणें हा अपराध मानला जाऊं लागला. तेव्हां राहुलजींचें सांगणें असें कीं, आजोबा देशासाठीं तुरुंगांत गेले, जास्त उत्पादन केल्याबद्दल मला जावें लागलें तर माझी तयारी आहे. हें बोलणें कोणास थोडें नाटकी वाटेल. मला त्यांत नातवाचा अभिमान दिसतो, आणि तो कृत्रिम नाहीं.

१९६१ सालीं त्यांचा विवाह रूपाताईंशीं झाला. त्या मूळच्या घोलप, म्हणजे महाराष्ट्रीय. मारवाडी उद्योगपतींच्या घरांत असा प्रेमविवाह त्या काळीं विरळाच. मोठ्या घराण्यांतील धनीमंडळींनीं मुंबईस राहावें आणि कारखान्यास अधूनमधून भेट द्यावी, अशी तेव्हां रीत होती. राहुलजींनीं आकुर्डीस कारखान्याच्या आवारांतच बिऱ्हाड केलें. त्या वेळचें आकुर्डी म्हणजे माळरान आणि चार घरें. तेथेंच मुलें वाढलीं. राजीव तर आकुर्डीच्याच शाळेंत शिकले. कारखान्याचा भोंगा ज्या घरांत ऐकूं येतो, त्या घरांतील मुलांना बापाचा व्यवसाय समजावून सांगावा लागत नाहीं.

१९६८ सालीं, तिशींतच, कारखान्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. १९७२ हें वर्ष विलक्षण होय. त्याच वर्षीं वडील कमलनयनजी गेले, आणि त्याच वर्षीं महाराणा प्रतापांच्या अश्वाचें नांव घेऊन ‘चेतक’ ही स्कूटर बाहेर पडली. मध्यम वर्गाच्या संसारांत तिनें जें स्थान मिळविलें, तें आपणांपैकीं अनेकांना ठाऊक आहे. पुढें उभा मुलगा, मागें पत्नी, पत्नीच्या मांडीवर धाकटें, आणि एका बाजूस कलंडलेलें तें यंत्र! नांव नोंदवून गाडी हातीं येईपर्यंत दहा दहा वर्षेंहि लागत. ज्याच्या दारीं गिऱ्हाईक एवढें तिष्ठतें त्याला कसली चिंता, असें टीकाकार म्हणत. दोष मुख्यतः सरकारी नियमांचाच होता. तरीपण तिष्ठणाऱ्या गिऱ्हाइकाची संवय धन्यालाहि लागते, हें खरें. पुढें जपानी सहकार्यानें निघालेल्या मोटारसायकलींकडे तरुणांची दृष्टि वळली, तेव्हां तें कळून आलें.

राजीवजी १९९० सालीं कंपनींत आले. २००१ सालीं त्यांनीं ‘पल्सर’ ही मोटारसायकल काढली; ती चाकणची. २००५ सालीं कारभार त्यांच्याकडे गेला, राहुलजी अध्यक्ष राहिले. २००७ सालीं आकुर्डीचें उत्पादन थांबलें. आणि २००९ च्या अखेरीस राजीवजींनीं जाहीर केलें कीं, यापुढें स्कूटर काढावयाचीच नाहीं. सारी शक्ति मोटारसायकलीवर लावावयाची.

आमच्या आळंदींत प्रदक्षिणेच्या वाटेवर पेढ्यांचीं, बुक्क्याचीं, टाळांचीं दुकानें आहेत. मुलगा दुकान पाहूं लागला तरी गल्ल्याची किल्ली वडिलांच्या कमरेलाच असते. मुलानें एक फळी इकडची तिकडे हलविली तरी घरांत दोन दिवस अबोला! येथें तर ज्या वस्तूनें घराण्याचें नांव घरोघर नेलें, ती वस्तूच मुलानें मोडीत काढली होती.

राहुलजींनीं आपलें दुःख लपविलें नाहीं. या निर्णयानें मला वाईट वाटलें, मी दुखावलों, असें ते चारचौघांत बोलले. स्वभावच तसा, मनांत येईल तें बोलण्याचा. २०१९ सालीं मुंबईंत केंद्रीय मंत्र्यांसमोर उद्योजकांच्या मनांतील भीतीविषयीं ते असेच स्पष्ट बोलले. परंतु अध्यक्षाच्या अधिकारानें मुलाचा निर्णय त्यांनीं फिरविला नाहीं. कंपनीचे आंकडे इतरांनीं मोजावे. मला हा संयमच त्यांच्या चरित्रांत मोठा वाटतो. रागावून गप्प बसणारे पिते पुष्कळ. बोलून दाखवून, मग मुलाला त्याच्या वाटेनें जाऊं देणारे किती?

अर्थात् या वाटेची किंमत केवळ बापलेकांनींच दिली असें नव्हे. आकुर्डीच्या पगारावर ज्यांनीं निगडी-चिंचवडकडे घरें बांधलीं, मुलांचीं शिक्षणें केलीं, त्या कामगारांना कारखाना शांत झाल्यावर काय वाटलें असेल? पित्याच्या औदार्याची गोष्ट त्यांच्या घरीं निराळ्या स्वरांत सांगितली जात असणार.

२०१३ सालीं रूपाताई गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्यें, ज्या मुलानें चेतक बंद केली त्यानेंच ती पुन्हां आणली; आतां पेट्रोलवर नव्हे, तर विजेवर चालणारी, आणि प्रथम चाकणला बनणारी. तें पाहावयास राहुलजी होते. एप्रिल २०२१ च्या अखेरीस त्यांनीं अध्यक्षपद सोडलें. १२ फेब्रुवारी २०२२ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. आजोबा गेले त्यास बरोबर ऐंशी वर्षें आणि एक दिवस लोटला होता.

त्यानंतर चार महिन्यांनीं, आकुर्डीच्या त्याच जुन्या जागेवर, विजेच्या चेतकसाठीं नवा कारखाना उघडण्यांत आला. मुहूर्त धरला होता १० जूनचा. त्या दिवशीं राहुलजींना चौऱ्यांशी वर्षें पूर्ण झालीं असतीं.