अतिथीच्या हातातील पेला
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो. तेव्हा मोठ्या तत्त्वचर्चेत न शिरता आपल्या कोरीट परिसरातील प्रत्येक घराशी संबंधित असा एक लहानसा विषय मांडतो. मंगलकार्यात आलेल्या पाहुण्याच्या हाती आपण पेला कशाचा देतो?

विषय लहान असला तरी त्याचे मूळ थेट भगवान ऋषभदेवांपर्यंत जाते. दीक्षेनंतर प्रभू आहारासाठी फिरत होते. लोकांची भक्ती अपार होती, परंतु मुनींना काय द्यावे याचे ज्ञान कोणालाच नव्हते. कोणी हत्ती-घोडे पुढे केले, कोणी रत्ने आणली. वर्षाहून अधिक काळ प्रभू निराहार राहिले. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस वहोरवला. तो दिवस अक्षय तृतीयेचा. वर्षीतपाचे पारणे आपण आजही इक्षुरसाने करतो ते त्यामुळेच. या युगातील पहिले सुपात्रदान म्हणजे एक पेय होते, हे लक्षात घ्या. रत्ने देणारे श्रेयांसकुमाराहून कमी उदार नव्हते. फरक इतकाच की, समोरच्याला काय चालेल याचा विचार त्याने केला.

आता माझी चूक सांगतो. २०१२ साली थोरल्या मुलाचे लग्न झाले. सायंकाळी स्वागत समारंभ ठेवला. आपण जैन, आपल्याकडे मद्याचा प्रश्नच येत नाही, या समजुतीत मी निर्धास्त होतो. शीतपेयांचे क्रेट मागवले, प्लास्टिकचे पेले ठेवले आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. टेबलाजवळ कोणीही उभे नव्हते, बाटल्या कोमट झाल्या होत्या. थोड्या वेळाने काही तरुण मंडळी बाहेर उभ्या गाड्यांच्या मागे गेली. त्यात माझा सख्खा पुतण्याही होता. परत येऊन तो माझ्या आईच्या पाया पडला, तेव्हा तिला जे कळायचे ते कळले.

आईचा चौविहार असे. सूर्यास्तापूर्वी तिला पाणी विचारायचेही आम्हा सर्वांकडून राहून गेले होते. ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच म्हणाली, "अरे, आलेल्याला तू बाटली दिलीस. पाणी कोणी विचारले?"

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. पुतण्याचा दोष त्याचा होताच. परंतु ज्या समारंभात कोणी कोणाची विचारपूस करत नाही, तेथून माणूस बाहेर जातो, हा दोष यजमानाचा. मदिरा ही आपल्याकडे सात व्यसनांत आणि चार महाविगईंतही गणली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. हे सर्व मुलांना ठाऊक असते. केवळ 'नको' म्हणून भागत नाही. त्या जागी काय द्यायचे, तेही आपणच ठरवले पाहिजे.

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलीचे लग्न झाले, तेव्हा मी पेयांचा स्वतंत्र हिशोब मांडला. माणशी दीडशे मिलिलिटरचे दोन पेले धरले, तर शंभर पाहुण्यांना तीस लिटर लागतात. पेला मुद्दाम लहान ठेवला. मोठ्या पेल्यात अर्धे उष्टे राहते आणि उष्टे टाकणे आपल्या आचारात बसत नाही. जेवणानंतर ताट धुऊन पिणारे आपले वडीलधारे आपण पाहिले आहेत.

वैशाखातल्या उन्हात कैरीच्या पन्ह्यासारखे दुसरे पेय नाही. कैऱ्या उकडून गर काढावा, गराच्या दुप्पट गूळ, वेलची आणि चवीपुरते मीठ घालावे. पाणी मात्र देण्याच्या वेळीच मिसळावे. दुसरे कोकम सरबत. काचेच्या पेल्यात त्याचा लाल रंग इतका खुलतो की, मुले आपणहून पुढे येतात. तिसरा उसाचा रस. रसवंतीवाल्याला मंडपातच बसवले आणि ऊस स्वच्छ धुण्यास व आले न घालण्यास आधीच बजावले. रस काढून ठेवला की काळा पडतो, म्हणून मागेल तसा काढावा. चौथे जिरे-हिंग घातलेले ताक. मधुमेह असलेल्यांना साखरेविना चालेल असे एक तरी पेय हवेच. ताकाबाबत एक दक्षता घ्यावी. जेवणात डाळ-बेसन असेल, तर कच्च्या दह्याच्या ताकाने द्विदलाचा दोष लागतो. म्हणून दही आधी तापवून घ्यावे. हिवाळ्यातील लग्नात केशर-वेलचीचे किंवा सुंठीचे गरम दूध द्यावे. ठंडाई केल्यास खसखस वगळावी. मध तर कशातच नको.

बर्फ बावीस अभक्ष्यांत येतो, मग थंडावा कसा आणायचा, असे विचारले जाते. आपली खानदेशची हवा कोरडी आहे. माठातून पाझरणारे पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवले की पुरे. उकळलेले पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन प्रहर चालते. पहाटे पाचला उकळले की सायंकाळपर्यंत चिंता नाही. पाणी गाळण्याच्या कापडाविषयी मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. जाड, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे, दुहेरी करावे आणि नव्या कापडाची खळ धुऊन काढल्याशिवाय ते वापरू नये.

गिऱ्हाईक दुकानात आले की आम्ही घडी केलेले कापड त्याच्यापुढे टाकत नाही. थान उलगडून दाखवतो. पेयांचेही तसेच आहे. स्वच्छ पेले, शुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येक पेयाच्या नावाची पाटी आणि मुख्य म्हणजे हसून विचारणारा माणूस. ती जबाबदारी मी त्याच पुतण्याकडे सोपवली. तो पूर्ण सुधारला, असा दावा मी करणार नाही. परंतु त्या दिवशी टेबल सोडून गाड्यांकडे जायला त्याला सवडच मिळाली नाही. समारंभ आम्ही दुपारी चारला सुरू केला. सूर्यास्तापूर्वी चौविहार करणाऱ्या प्रत्येकाजवळ जाऊन त्यानेच पाणी विचारले. त्यात पहिली माझी आई होती. तिने दोन घोट घेतले आणि पेला परत देताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला. व्यापारानिमित्त आलेले इतर समाजांतील स्नेहीही पन्हे पुन्हा मागून घेत होते. मद्य नाही म्हणून कोणी रुसले नाही. पाहुणा रुसतो तो आपली दखल घेतली नाही म्हणून.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. ते मुख्यतः साधु-साध्वींसाठी आहे. परंतु त्यातील भाव आपल्या मांडवापर्यंत आणायला काय हरकत आहे? संस्थेला माझी विनंती आहे की, या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून पन्नास-साठ मोठे माठ, स्टीलचे लहान पेले आणि गाळण्याची कापडे यांचा एक संच करावा आणि तो प्रत्येक घरच्या कार्याला विनामूल्य द्यावा. कापड माझ्या दुकानातून येईल.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.