त्वचादान : एका पातळ थराचा हिशेब

नेत्रदान आपल्या ओळखीचे झाले आहे. त्वचादान म्हटले की मात्र अजूनही अंगावर काटा येतो. त्वचेला आपण शरीराचे वेष्टन समजतो, अवयव समजत नाही, हे त्याचे कारण. प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. एवढा मोठा अवयव काय करतो, ते तो जळाल्यावर दिसते. खूप भाजलेल्या माणसाच्या शरीरातले पाणी आणि ऊब उघड्या जखमांतून सतत निघून जाते, जंतूंना आत शिरायला वाट मिळते, आणि पहिल्या धक्क्यातून वाचलेला रोगी पुढे अनेकदा जंतुसंसर्गाने दगावतो.

आता रचना पाहा. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी पातळ असते. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकताना केराटिनने भरतात, मरतात, आणि साधारण महिनाभराने झडून जातात. पाणी अडवण्याचे काम मुख्यतः या मेलेल्या पेशींचा थरच करतो. खालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे असतात. त्या मुळांना आणि ग्रंथींनाही बाह्यत्वचेच्याच पेशींचे अस्तर असते. म्हणून वरवरचे भाजणे आतून भरून येते. मुळेच जळाली, तर जखम फक्त कडेने, अगदी सावकाश भरते. तेव्हा रोग्याच्याच मांडीची पातळ साल काढून तिथे लावतात, आणि मांडी त्याच कारणाने पुन्हा भरून येते. पण निम्मे अंग जळाले असेल, तर साल आणायची कुठून?

इथे दान केलेली त्वचा लागते. यावर रास्त आक्षेप असा, की परकी त्वचा शरीर टिकू देत नाही. मग उपयोग काय? ती टिकत नाही, हे खरेच आहे. दोन-तीन आठवड्यांत ती सुटून येते. पण तेवढे दिवसच निर्णायक असतात. ग्लिसरॉलमध्ये साठवलेल्या त्वचेतल्या पेशी जिवंतही नसतात, तरी ती पाणी धरते, जंतू अडवते, वेदना कमी करते, आणि दरम्यान रोग्याची स्वतःची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होते. मेलेला थर शरीराचे रक्षण करतो हे आपल्या प्रत्येकाच्या अंगावर रोज घडते आहे; इथे तो दुसऱ्याचा असतो, एवढाच फरक. म्हणूनच रक्तगट जुळण्याची अटही नसते. मृतदेह विद्रूप होईल ही भीती मनापासूनची आहे, तिला हसू नये. पण काढतात तो मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा अगदी पातळ पापुद्रा. चेहऱ्याला हात लागत नाही, रक्तस्राव होत नाही, आणि वर पट्ट्या बांधून देह घरच्यांकडे सोपवतात. मुंबईत शीव रुग्णालयात 2000 सालापासून त्वचापेढी आहे. त्वचा मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावी लागते, आणि तेवढ्या वेळात रडणाऱ्या घराने पेढीला फोन करायचा असतो. तो फोन व्हायचा असेल, तर हे बोलणे घरात आधीच झालेले असावे लागते.