'कॅच' आणि 'धरणें'



एका इंग्रजी क्रियापदावर दहा मिनिटें बोलावें इतकें त्यांत काय आहे, असें आपणांस वाटेल. माझी अर्धी हयात शाळेंत इंग्रजी शिकविण्यांत गेली. तरी 'कॅच' म्हणजे 'पकडणें' यापलीकडे मीही फारसा गेलों नव्हतों. मला पुढें नेलें तें एका विद्यार्थ्याच्या चुकीनें.

बीडनजीक मांजरसुंब्याच्या डोंगरांत कपिलधार आहे. 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधि तेथें आहे. पावसाळ्यांत कड्यावरून पाण्याची धार कोसळते, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस गांवोगांवच्या दिंड्या पायीं येतात. एका वर्षीं यात्रा आटोपल्यावर मीं मुलांना तिजवर इंग्रजींत दहा वाक्यें लिहावयास सांगितलीं. एका मुलानें लिहिलें, 'कोल्ड कॉट मी.' मीं तांबड्या शाईनें रेघ ओढली, त्याला उभें करून चांगलें धारेवर धरलें आणि वर्गाला हंसूं दिलें. 'अरे, तूं पडशाला पकडतोस, पडसें तुला नाहीं!' मुलगा खालीं मान घालून म्हणाला, 'गुरुजी, मी कशाला पकडूं त्याला? त्यानेंच मला धरलें.'

वर्ग पुन्हां हंसला. मला मात्र रात्रीं तें वाक्य आठवत राहिलें. मुलाचें इंग्रजी चुकलें होतें. मराठी चुकलें नव्हतें.

पाहा, इंग्रज माणूस पडसें पकडतो आणि त्याचें घर आग पकडतें. आपल्याकडे पडसें माणसाला होतें, आग घराला लागते, आणि थंडीच माणसाची पाठ धरते. पावसांत मात्र इंग्रजही पकडला जातो, जसे आपण सांपडतों. बाकी त्याचें सगळें काम एका 'कॅच'वर भागतें. आपण चेंडू झेलतों, मासे धरतों, चोर पकडतों, गाडी गाठतों. एखादी वस्तु आपल्या नजरेंत भरते आणि दुसऱ्याचें बोलणें आपल्याला नीट ऐकूं येत नाहीं. या सर्व ठिकाणीं 'पकडणें' घालून पाहावें, म्हणजे गंमत कळेल. अलीकडे 'गाडी पकडली' असें सर्रास ऐकूं येतें. मला तें खटकतें. परंतु मुंबईच्या लोकल गाडीपुढें आपलें 'गाठणें' जरा सावकाशीचेंच वाटतें, हेंही खरें.

या शब्दाचें कूळ शिकारीचें आहे. मूळ लॅटिन क्रियापद एकच. उत्तर फ्रान्सच्या बोलींतून तें 'कॅच' होऊन इंग्रजींत आलें, आणि मध्य फ्रान्सकडून 'चेस' होऊन, म्हणजे पाठलाग करणें. प्रथम 'कॅच'चा अर्थही पाठलागाचाच होता. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यानंतरची ही आवक. त्यापूर्वीं धरण्याला इंग्रजांचें घरचें क्रियापद होतें 'लॅच'. तें आज मुख्यतः दाराच्या कडीपुरतें उरलें आहे. जातांना त्यानें पाहुण्याला आपल्या भूतकाळाचें वळण तेवढें दिलें. म्हणून 'कॅच्ड' न होतां 'कॉट' होतें, आणि आमचीं मुलें मार खातात.

आतां आपलें 'धरणें' पाहा. शेतकरी पिकाला पाणी देतांना दारें धरतो, मोसंबीचा बहार धरतो. झाड फळ धरतें. माणूस धीर धरतो, अबोला धरतो, कुणाची तरी कास धरतो. नदी अडविली कीं धरण होतें. कपिलधारेला येणारा वीरशैव गळ्यांत इष्टलिंग बाळगतो, तें धारण. येथें शिकार कोठेंच नाहीं. बहुधा टिकविणें आहे, सांभाळणें आहे. आणि धनको ऋणकोच्या दारांत उपाशी बसून राही, तेंही धरणेंच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ५०८ व्या कलमाखालच्या उदाहरणांत, दारांत बसून दैवी कोपाचें भय घालणाऱ्या माणसासाठीं, इंग्रजी मजकुरांत हाच शब्द जसाच्या तसा घातलेला होता. कायदा लिहिणाऱ्यांना 'कॅच' तेथें पुरला नाहीं.

आमच्या शब्दार्थांच्या वह्यांत मात्र 'कॅच' पुढें एक आडवी रेघ आणि 'पकडणें' हा एकच शब्द. मुलगा तो पाठ करतो, आणि जेथें तो बसत नाहीं तेथें आपल्या आईची बोलीच चुकीची, असें त्याला वाटूं लागतें. पुढें मीं त्या वह्या बंद केल्या आणि शब्दाऐवजीं वाक्यें लिहवून घेऊं लागलों. अभ्यासक्रम मागें पडतो म्हणून बोलणीं खावीं लागलीं, तीं खाल्लीं.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाची वही पुन्हां मागवली. तांबडी रेघ तशीच ठेवली, कारण इंग्रजी चुकलेंच होतें. समासांत लिहिलें, 'पडशानें मला धरलें. मराठी शुद्ध.' त्यानें वही उघडून तें वाचलें आणि कांहीं न बोलतां दप्तरांत घातली. आदल्या दिवशीं हंसलेल्या वर्गासमोर तें वाचून दाखविण्याचें मात्र मला धैर्य झालें नाहीं.