सत्तर अक्षरांची मराठी



या व्यासपीठावरून साहित्यिकांनी बोलावे आणि आपण ऐकावे, ही आपली रीत. मी पेशाने होमिओपॅथ आणि स्वभावाने यंत्रवेडा. नवे यंत्र दिसले की ते हाताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आज यंत्रांविषयीच बोलणार आहे, पण आपल्या भाषेच्या अंगाने. मुद्दा एकच आहे. आपण कोणत्या लिपीत लिहितो हे पुष्कळदा आपण ठरवत नाही, हातातले यंत्र ठरवते. पुढे यंत्राची अडचण दूर होते, पण तिने लावलेली सवय मात्र उरते.

हे आजचे नाही. गोव्यात राचोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओव्या मराठी, लिपी मात्र रोमन. कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे रोमन अक्षरांतली मराठी ही मोबाइलवाल्या पोरांनी काढलेली टूम नव्हे. तिला चारशे वर्षे झाली.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. बेळगाव असो, बडोदे, इंदूर की ग्वाल्हेर, जुन्या मराठी घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद सापडतात. हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी मोडी सोयीची होती. छपाईला मात्र सुटी सुटी अक्षरे लागतात. तिथे बालबोध सोयीची ठरली. मोडीचे खिळे पाडलेच गेले नाहीत असे नाही, बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात ते होते. पण पुस्तके, वर्तमानपत्रे, शाळा या सगळ्यांनी बालबोध उचलली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. कोणी वैर धरले नाही, कोणी मोर्चा काढला नाही. दोन-तीन पिढ्यांत नातवंडांना आजोबांचे अक्षर वाचता येईनासे झाले, एवढेच.

आता आपल्या आयुष्यातला भाग पाहू. सी-डॉटने बनवलेले १२८ लाइनींचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज प्रथम बसले ते १९८६ साली, आपल्याच जिल्ह्यातील कित्तूरला. वातानुकूलित खोली नको, धूळ-उकाडा सोसणारे यंत्र. अशा एक्स्चेंजांमुळे आणि पुढे गल्लोगल्ली आलेल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथांमुळे परगावचा आवाज जवळ आला. रात्री उशिरा पाव दर लागू होईपर्यंत बूथबाहेर रांगेत उभे राहिलेले कितीतरी जण या सभागृहात असतील. लेकीची खुशाली फोनवर कळू लागली तसे आंतर्देशीय पत्र मागे पडले. हा लिहिण्याला बसलेला पहिला धक्का. पण तोवर लिपीला धोका नव्हता. जो लिहीत होता तो देवनागरीतच लिहीत होता.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. काही वर्षांत मोबाइल सामान्यांच्या खिशात आला, आणि त्याच्यासोबत एसएमएस. त्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून बसतात फक्त सत्तर. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. शिवाय पलीकडच्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन दिसत. इतके असताना माणसे मराठी रोमनमध्ये लिहू लागली, यात त्यांचा दोष कसला? स्टीफन्स यांच्याकडे खिळे नव्हते, आपल्याकडे बिट नव्हते.

आता माझ्या दवाखान्याकडे वळतो, कारण या सवयीची किंमत मला तिथे रोज दिसते. होमिओपॅथीत रोग्याच्या शब्दांना फार महत्त्व. हानेमान यांनी ‘ऑर्गनन’च्या ८४व्या सूत्रात वैद्याला सांगून ठेवले आहे की, रोग्याने आणि त्याच्या माणसांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. या बाबतीत मराठी रोगी भाग्यवान आहे. कळ येते आणि जाते, ठणका लागून राहतो, चमक क्षणात निघते, मुरडा पिळवटतो, गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात. प्रत्येक शब्दामागे वेगळी वेदना, आणि आमच्याकडे पुष्कळदा वेगळे औषध. आता संदेशात येतात के, ए, एल ही तीन अक्षरे. काल म्हणायचे, काळ, कल की कळ? एम, ए, एल म्हणजे माळ, माल की मळ? डॉक्टरला संदर्भाने कळते, नाही कळले तर फोन करता येतो. पण हळूहळू लिहिणाराच असे शब्द टाळतो आणि सगळ्यासाठी ‘पेन’ लिहून मोकळा होतो. कधी रडका चेहरा पाठवतो. माझे कन्नड बोलणारे रुग्णही याच वाटेने चालले आहेत. तेव्हा हे भांडण दोन भाषांचे नाही.

वास्तविक यंत्राची अडचण आता संपली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. पूर्वी एका फॉन्टमध्ये केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हे दिसत. ते दिवस गेले. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. डेटावर चालणाऱ्या संदेशाला सत्तर अक्षरांची मर्यादा नाही. फोनपुढे बोलले तरी तो देवनागरीत लिहून देतो. तरीही आपले कौटुंबिक गट पाहा. मजकूर रोमनमध्ये, नाहीतर व्हॉइस नोट, नाहीतर दुसऱ्याने बनवलेले चित्र पुढे ढकललेले.

व्हॉइस नोटचे मला कौतुकही आहे. बंगळूरला इंग्रजी शाळेत शिकणारी नात आजीशी मराठीत बोलते ती तिच्यामुळेच. पण वर्षभरापूर्वीची व्हॉइस नोट शोधून पाहा. आणि फोन बदलला की पुष्कळदा तीही जाते. आम्हा दिगंबर जैनांत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. पूर्वी त्यासाठी नाव घालून पोस्टकार्डे लिहीत. ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे त्याचे कार्ड लिहिताना हात थबके. आज एकच कमळाचे चित्र तीनशे जणांना एका क्षणात जाते. सगळ्यांचीच क्षमा मागितली जाते आणि कोणाचीही मागितली जात नाही.

महाराष्ट्रात निदान दुकानांच्या पाट्या, शाळा, सरकारी कागद देवनागरीला धरून ठेवतात. आपल्यासारख्या बाहेर राहिलेल्यांना तो आधार कमी. आपल्याकडे मराठी टिकली ती घरात, आणि घरातल्या लिहिण्यावर. बोली पुढच्या पिढीत जाईल, पण वाचन गेले तर या संस्थेच्या कपाटातली पुस्तके उद्या मोडीच्या कागदांच्या शेजारी जाऊन बसतील. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. यंत्राने जागा दिली, पण वाचणारे आज थोडेच आहेत. जागा मिळाल्याने लिपी जगत नाही. रोजच्या वापराने जगते.

म्हणून तीन साध्या सूचना. एक, आज घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करा. जमत नसेल तर नातवंडांना सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. दोन, त्यांना रोज एक ओळ देवनागरीत पाठवा, स्वतःच्या शब्दांत, त्यांचे नाव घालून. उत्तर रोमनमध्ये आले तर रागावू नका. ओळ वाचली गेली, हेही पुष्कळ झाले. तीन, या संस्थेने सभासदांच्या घरची जुनी पत्रे फोनच्या कॅमेऱ्याने टिपून, मोडी जाणणाऱ्यांकडून त्यांचे देवनागरी करून ठेवावे. त्या कामाला तरुण मुले लागतील, आणि वाचायलाही शिकतील.

स्टीफन्स यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे, आणि तो आपल्या खिशात आहे.