पांढरा म्हणजे कोणता पांढरा?

दिवाळीच्या सुमारास अकोट-दर्यापूर पट्ट्यात पऱ्हाटीची वेचणी चालू असते. बोंडातला कापूस उन्हात पांढरा, गोदामाच्या सावलीत पांढरा आणि रात्री बल्बखालीही पांढराच दिसतो. निदान माणसाला. डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग मनातल्या मनात वजा करतात. कॅमेऱ्याला ही वजाबाकी शिकवावी लागते. तिलाच व्हाइट बॅलन्स म्हणतात.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती साधारण १९००, तारेचा जुना बल्ब २८००, दुपारचं ऊन ५५०० आणि सावली ७००० ते ८०००. आकडा चढेल तसा उजेड निळसर होत जातो. सावलीत थेट ऊन नसतं, निळ्या आभाळाचा उजेड असतो. म्हणून तिथला कापूस फोटोत निळसर उतरतो.

कापसाच्या व्यवहाराला हा पेच ठाऊक आहे. बल्बखाली सगळाच माल पिवळा दिसला, तर पिवळसर रुई वेगळी काढायची कशी? अमेरिकी मानकांनुसार रुईचा रंग ७५०० केल्विनच्या, म्हणजे उत्तरेच्या आभाळासारख्या उजेडात तपासतात.

छायाचित्रकाराचा उपाय याच जातीचा. चित्र घ्यायचं त्याच उजेडात राखाडी कार्ड धरायचं, त्याचा फोटो घ्यायचा आणि मेनूत जाऊन ‘हाच रंगहीन’ असं कॅमेऱ्याला सांगायचं. कार्डाऐवजी कापूस मात्र धरू नये. त्यात पिवळसर झाक असते.

पण अचूक रंग हाच नेहमी हवा असतो असं नाही. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पांढुरक्या वालुकाश्माचा आहे. त्यावरच्या शिलालेखाचं साल १४८७. त्याचं कोरीव काम दाखवायचं असेल, तर दगड दगडाच्याच रंगात उतरायला हवा. तोच दरवाजा मावळतीच्या उन्हात टिपताना मात्र ऑटो सेटिंग घात करू शकतं. ते सोनेरी झाकेला दोष समजून पुसायला जातं आणि संध्याकाळच नाहीशी होते. अशा वेळी व्हाइट बॅलन्सच्या मेनूतलं सूर्याचं चिन्ह निवडून कॅमेरा तिथेच ठेवावा. पणत्यांच्या फोटोलाही हेच लागू.

म्हणून फोटो पाहताना आधी त्यातलं पांढरं शोधावं: धोतर, चुन्याची भिंत, डोळ्यांतला पांढरा भाग. त्यावर कुठली झाक आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे की चुकून राहिलेली?

घरातला लग्नाचा अल्बम यासाठी उत्तम. नवरीच्या एका गालावर खिडकीचा निळसर उजेड, दुसऱ्यावर बल्बचा पिवळा, असे फोटो त्यात हमखास सापडतात. एका आकड्याने दोन्ही गाल सुधारत नाहीत. जाणता फोटोग्राफर तिथे मेनू उघडण्याआधी बल्ब बंद करायला सांगतो. ते शक्य नसेल तर खिडकीचा पडदा ओढतो, फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन चढवतो आणि मगच बल्बचं चिन्ह निवडतो.