मंद उजेड आणि एलईडीची लुकलुक

एलईडी दिव्यात तापून निवणारी तार नसते. प्रवाह वाढला की त्याच क्षणी उजेड वाढतो आणि प्रवाह तुटला की उजेडही तुटतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार एकदा तापली की लगेच थंड होत नसे, त्यामुळे विजेतले बरेचसे चढउतार तिच्यात मुरून जात. एलईडीत ते जसेच्या तसे उजेडात उतरतात.

भारतातला वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा विझण्याच्या बेताला येतो. त्याला तगवून धरण्याचे काम ड्रायव्हरचे. दिव्याच्या बुडाशी किंवा छतामागच्या डबीत बसवलेला हा भाग प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट प्रवाह करतो, आणि त्यातला कपॅसिटर मधल्या रित्या क्षणांपुरती वीज साठवून ठेवतो. स्वस्त दिव्यात हा कपॅसिटर लहान घालतात किंवा गाळूनच टाकतात. दोन दिवे सारखेच वॉट दाखवतात, सारखेच लख्ख दिसतात, पण एकाचा उजेड जवळपास स्थिर असतो आणि दुसरा सेकंदाला १०० वेळा पुरता विझून पेटत असतो. खोक्यावर याबद्दल बहुधा अक्षरही नसते.

चांगल्या दिव्यालाही पुढे लुकलुक लागते, ती उष्णतेमुळे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. तंजावूरसारख्या उष्ण गावात, वारा न लागणाऱ्या बंद खोबणीत दिवा बसवला, तर एलईडीची चिप शाबूत असताना ड्रायव्हर थकतो. लोक म्हणतात दिवा गेला. प्रत्यक्षात गेलेला असतो कपॅसिटर.

सेकंदाला १०० वेळा होणारी लुकलुक सरळ पाहताना जाणवत नाही. साधारण ८० च्या वर बहुतेकांच्या डोळ्यांना उजेड अखंडच दिसतो. मात्र न दिसणारी लुकलुक निरुपद्रवी असतेच असे नाही. ब्रिटनमधील अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली कचेरीतल्या ट्यूबलाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या चोकच्या जागी उच्च वारंवारतेचा चोक बसवल्यावर कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांना आढळले.

तंजावूरच्या राजवाडा परिसरात या प्रश्नाच्या जवळपास सगळ्या बाजू एकत्र भेटतात. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे. तेथे ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत आणि मराठा राज्यकारभाराची मोडी कागदपत्रे आहेत. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, लहान लहान उड्या घेत जातो. लुकलुकत्या उजेडात या उड्या चुकीच्या जागी पडू शकतात. छापील मजकुरात ते खपून जाते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि लेखणीही फारशी उचललेली नसते, तिथे एक उडी चुकली की ओळ पुन्हा पहिल्यापासून. याच ग्रंथालयात तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महाल या चिकित्सालयातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदीही आहेत. डोळ्यांच्या रोगांची इतकी काळजीपूर्वक चित्रे काढवून घेणाऱ्या राजाच्या संग्रहाला तरी डोळ्यांना शिणवणारा उजेड शोभणार नाही.

राजवाड्यातल्या कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. तिथे लुकलुकीचे दुसरे रूप समोर येऊ शकते. मूर्तीच्या खांद्यावर किंवा मुकुटावर चमकणारा लहानसा ठिपका पाहता पाहता नजर झटकन दुसरीकडे वळवली, तर लुकलुकत्या उजेडात त्या ठिपक्याची एक माळ क्षणभर दिसते. अंधारी पार्श्वभूमी आणि बारीक, तेजस्वी चमक असेल तर हा भास अधिक ठळक होतो. तंजावूर चित्रांवरचा सोन्याचा वर्खही त्याला तितकाच अनुकूल. तिसरे रूप हलत्या वस्तूंचे. वीणेची तार सेकंदाला १०० किंवा त्याच्या पटीत कंप पावू लागली तर ती थबकल्यासारखी दिसते, आणि कंपने थोडी इकडेतिकडे असली तर संथ डोलताना दिसते. भरतनाट्यमच्या द्रुत लयीत हाताच्या एका वळशाऐवजी सुटे सुटे हात दिसतात. याला स्ट्रोबोस्कोपिक परिणाम म्हणतात.

लुकलुक मोजण्याची सोपी रीत अशी: सर्वाधिक आणि सर्वात कमी उजेड यांच्यातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि टक्केवारी काढायची. ‘आयईईई १७८९’ या २०१५ च्या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. वारंवारता वाढेल तशी मुभा वाढते.

आता मंद उजेडाचा पेच. ताडपत्र, कागद आणि नैसर्गिक रंग यांची उजेडाने झीज होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून संग्रहालयांत अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. कांस्याला ते बंधन नाही. एकाच परिसरात मूर्तीवर भरपूर आणि पोथीवर अगदी बेताचा उजेड हवा, म्हणजे दिवे मंद करणे आले. आणि एलईडीची निम्मी दुखणी मंद करतानाच डोके वर काढतात.

मंद करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रवाहच कमी करतात. उजेड स्थिर राहतो, मात्र फार खाली गेल्यावर रंगात किंचित बदल होतो आणि शेजारचे दिवे एकसारखे जळत नाहीत. दुसऱ्यात प्रवाह पुरा ठेवून तो वेगाने चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. दहा टक्के उजेड हवा असेल तर दिवा दहातला एक भाग वेळ पेटतो आणि नऊ भाग विझलेला राहतो. रंग टिकतो, पण लुकलुक शंभर टक्के असते. सगळे काही वारंवारतेवर अवलंबून. ती काही शे हर्ट्झ असेल तर ठिपक्यांची माळ दिसणारच. काही हजारांच्या वर असेल तर काळजीचे कारण उरत नाही.

घरोघरी मात्र तक्रार येते ती भिंतीवरच्या डिमरची. हा डिमर तारेच्या बल्बसाठी घडवलेला. तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा तुकडा कापून टाकतो आणि चालू राहण्यासाठी ठरावीक किमान भार मागतो. ६० वॉटचे चार बल्ब काढून ९ वॉटचे चार एलईडी लावले की २४० वॉटचा भार ३६ वर येतो. डिमर अडखळतो, दिवे थरथरतात, गुणगुणतात, खालच्या टोकाला एकदम विझतात. शिवाय ‘डिमेबल’ असा छाप नसलेल्या दिव्याचा ड्रायव्हर कापलेला प्रवाह मुळात ओळखतच नाही. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडणे हा तर सरळ आडमुठेपणा. तुकडा मागच्या बाजूने कापणारा, म्हणजे ट्रेलिंग एज डिमर एलईडीशी सहसा बरा जुळतो. तरी दिवा आणि डिमर यांची जोडी आधी लावून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

डोळ्यांना स्पष्ट दिसणारी, अनियमित उघडझाप हा निराळा आजार आहे. मोटार किंवा वातानुकूलन यंत्र सुरू होताना व्होल्टेज खचते, किंवा होल्डर आणि न्यूट्रलची जोडणी सैल असते. सैल न्यूट्रल आगीलाही निमंत्रण देते, तिथे वायरमनला बोलावण्यात उशीर नको. बटण बंद केल्यावरही दिवा मिणमिणत राहिला, तर बटणातला लहान लाल दिवा, लांबवर शेजारी शेजारी धावणाऱ्या वायरी किंवा न्यूट्रलवर बसवलेले बटण, यांपैकी एक कारण निघते. जुन्या, विस्तीर्ण वास्तूंत वायरी लांब असतात, त्यामुळे तिथे हे अधिक आढळते.

तपासणीसाठी मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरावा. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक आहे, पण किती ते त्यावरून सांगता येत नाही. पेन्सिल वेगाने हलवून पाहिली आणि तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तरी निष्कर्ष तोच.

पोथ्यांच्या दालनासाठी डिमर टाळणे हा पुष्कळदा सर्वात शहाणा मार्ग ठरतो. कमी वॉटचा, स्थिर उजेडाचा दिवा घ्यावा किंवा दिव्यापुढे गाळणी लावावी. ठिपक्याएवढा लहान दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो आणि ड्रायव्हरला काहीच कळत नाही. उजेड खरोखर कमीजास्त करायचाच असेल तर हुकूम वेगळ्या तारेने देणारी डाली किंवा ० ते १० व्होल्टची पद्धत वापरावी. खरेदीच्या मागणीपत्रात मात्र पूर्ण उजेडाच्या जोडीला दहा टक्के उजेडावरचे लुकलुकीचे प्रमाण आणि वारंवारता लेखी मागून घ्यावी.