लक्ष कुठंय तुझं?



रविवारी आम्ही काही जण मोहल्ल्यातल्या मुलांचा अभ्यास घेतो. त्यात नववीतला एक मुलगा येतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. त्याचे पाढे पाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की तो अडकतो. दुसरी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरलेला असतो. एकदा मी सगळ्यांसमोर झापलं, "लक्ष कुठंय तुझं?" नंतर त्याच्या खालाकडून कळलं की लहानपणापासून घरात मारहाण आहे. अम्मीला काही होऊ नये म्हणून हा रात्री जागा राहतो. लक्ष कुठं होतं, ते मला समजलं.

उदाहरण सोडवताना माहिती क्षणभर डोक्यात धरून ठेवावी लागते. याला वर्किंग मेमरी म्हणतात. माझ्या धंद्यातली रॅम समजा. भीती मागे चालूच राहते आणि ती जागा खाते. (उपमा पुरती जमत नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट करता येतो.) आखणी करणं, घाई आवरणं ही कामं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सतत धोक्यात वाढलेलं मूल धोका ओळखण्यात तयार होतं. आवाज चढतोय हे वर्गात या मुलाला सर्वांत आधी कळतं. तीही बुद्धीच आहे, पण तिला मार्क नाहीत.

घराबाहेरची हिंसाही हेच करते. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी 2010 मध्ये शिकागोतल्या आफ्रिकी-अमेरिकी मुलांच्या चाचण्या तपासल्या. वस्तीत खून झाल्यावर आठवड्याच्या आत ज्यांची चाचणी झाली, त्यांचे वाचन आणि शब्दज्ञानाचे गुण त्याच वस्तीतल्या, इतर वेळी चाचणी दिलेल्या मुलांपेक्षा कमी होते. मुलांनी खून पाहिला होता की नाही, याची त्यात अट नव्हती. आपल्याकडे तणावानंतर शाळा उघडली की राहिलेली चाचणी आधी उरकतात. त्या मार्कांवरून कुणाला गॅरेजला घालायचं हे ठरवू नका.

पण "मार खाल्ला, मेंदू बिघडला" असं सोपं समीकरणही मांडू नका. 2017 मध्ये आंद्रेआ दानेसे आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या तीन हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. छळ सोसलेल्या मुलांचे गुण कमी होते, हे खरं. पण ती तफावत बरीचशी छळाच्या आधीपासूनच होती, आणि गरिबीसारख्या कारणांशी जोडलेली होती. म्हणजे फक्त समुपदेशनाने भागणार नाही. फी, जेवण, झोपायला शांत जागा हेही बघावं लागेल. आपल्या चळवळीत हा मुद्दा मागे पडतो, असं मला वाटतं.

वर्गात आम्ही आता उदाहरणाची एकेक ओळ फळ्यावर लिहितो, सूचना एका वेळी एकच देतो. तो मुलगा अजून अडकतो, पण गप्प बसण्याऐवजी विचारतो. मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोरच. घरचं प्रकरण शिक्षकाच्या आवाक्यातलं नाही, तिथे चाइल्डलाइनचा 1098 लावा. मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानसचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं. "सब्र कर बेटा" म्हणण्याआधी हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. आत्ताच करा, मी थांबतो.